बंदुकीचा धक्का: दारूचा दोष किती, बंदुकीचा किती

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि हायवेच्या कडेची गोदामे डोळ्यांपुढे येतात. पण याच तालुक्यात दिघाशीसारखी भाताची गावे आहेत, आणि रानाला लागून असलेल्या भाताच्या गावांना आश्विन-कार्तिकात स्वस्थ झोप मिळत नाही. लोंबीत दाणा भरला की रानडुकरे उतरतात. कळप खातो थोडे आणि तुडवतो फार. राखणीला माळा, पत्र्याचे डबे, फटाके, कुत्री, आणि परवाना असेल तर बंदूक. ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत शेतरक्षणाची बंदूक ही कित्येक घरांत आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे आलेली वस्तू आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 13व्या कलमात तिची वेगळी दखल घेतलेली आहे: पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान 20 इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक. परवान्यावर एसबीएमएल, एसबीबीएल, डीबीबीएल अशी अक्षरे असतात. गावात त्यांना ठासणीची, एकनळी आणि दुनळी म्हणतात.

1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकरावर गोळी चालवता येत नाही. त्यामुळे राखणीचा बार बहुतेक वेळा आवाजासाठीच काढला जातो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि विधानसभेची निवडणूक नेमकी भात कापणीच्या तोंडावर आली तर शेतकरी कासावीस होतो. पण हा लेख परवान्याचा नाही. तो त्या बंदुकीच्या दस्त्याचा आणि त्यामागच्या खांद्याचा आहे.

बंदूक वापरणाऱ्या माणसांत, मग तो भाताच्या बांधावरचा राखणदार असो की मातीच्या तबकड्या फोडणारा नेमबाज, एक समज पक्का आहे: जलद जळणारी दारू लाथ मारते, मंद जळणारी दारू नुसती ढकलते. काडतूस निवडताना, जुन्या-नव्या दारूची तुलना करताना, खांदा काळानिळा का झाला हे सांगताना हेच वाक्य ऐकू येते. यात तथ्य किती, हे अडीच-पावणेतीनशे वर्षांत बऱ्याच जणांनी तपासले आहे. त्या तपासाचा हा आढावा.

सुरुवात दोरीला टांगलेल्या बंदुकीपासून करावी लागते. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने 1742 मध्ये तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवर पुस्तक लिहिले आणि त्यात लंबकाने गोळीचा वेग मोजण्याची पद्धत दिली. जड लाकडी ठोकळा टांगायचा, गोळी त्यात घुसवायची आणि ठोकळा किती झुलला ते पाहायचे. पुढे काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्ध झालेल्या बेंजामिन टॉम्पसनने 1781 मध्ये ही पद्धत उलटी केली. त्याने खुद्द बंदुकीची नळीच टांगली आणि बार काढल्यावर ती मागे किती झुलते ते मोजले. एकदा गोळीसकट, एकदा नुसत्या दारूचा बार. दोन्हींतला फरक म्हणजे गोळीचा वाटा, आणि उरलेला वाटा दारूचा स्वतःचा. पुढे जाणारे वस्तुमान गोळीचे असो वा दारूच्या वायूचे, ते पुढे गेले की बंदूक मागे येणारच, हे त्याने आकड्यांत दाखवले.

आजही धक्क्याचा हिशोब असाच मांडतात. नळीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूचे वजन गुणिले तिचा वेग, यांची बेरीज म्हणजे बंदुकीला मागे मिळणारा एकूण रेटा. या बेरजेत तीनच रकमा असतात: छर्रे, छर्ऱ्यांमागची गादी म्हणजे वॅड, आणि जळलेली दारू. छर्रे आणि वॅड नळीच्या तोंडाशी एकाच वेगाने असतात. दारूचा वायू मात्र त्यांच्याही पुढे धावतो. लांब नळीच्या बंदुकीसाठी वायूचा सरासरी वेग छर्ऱ्यांच्या सव्वा ते दीडपट धरण्याची पद्धत आहे.

एक साधे बारा बोअरचे काडतूस घेऊ. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेमतेम बसेल एवढी नळी, सुमारे साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. काडतुसाची लांबी 70 मिलिमीटर. बुडाशी पितळी रंगाची टोपी, तिच्या मधोमध ठिणगी देणारी छोटी कॅप, वर प्लास्टिकची नळी. ती उभी चिरली तर तळाशी करड्या रंगाच्या पातळ चकत्या दिसतात. ही दारू. चमच्याच्या टोकावर मावेल एवढी, दीड ग्रॅमच्या आतबाहेर. तिच्यावर प्लास्टिकचा वॅड, खालून पेल्यासारखा खोलगट आणि मधे दबणाऱ्या पायांचा. त्याच्या कपात छर्रे. चिरलेले काडतूस पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटते ते या प्रमाणाचे: छर्रे दारूच्या वीसपट जड असतात.

आता हिशोब. 28 ग्रॅम छर्रे, अडीच ग्रॅमचा वॅड, वेग सेकंदाला 400 मीटर, बंदूक 3.2 किलोची. जलद दारूला हा वेग द्यायला समजा 1.1 ग्रॅम लागली. मंद दारूही हा वेग देते, पण नळीच्या मर्यादित लांबीत तेवढेच काम करून घ्यायला ती जास्त घालावी लागते, समजा 1.6 ग्रॅम. पहिल्या काडतुसात बंदूक सेकंदाला 4.02 मीटर वेगाने मागे येते, दुसऱ्यात 4.11 मीटर. ऊर्जेत सांगायचे तर जलद दारूला सुमारे 26 ज्यूल, मंद दारूला 27. म्हणजे एकूण धक्का मंद दारूचाच जास्त, तोही जेमतेम पाच टक्क्यांनी. शिवाय मंद दारूचा वायू नळीच्या तोंडाशी जास्त दाबाने असतो आणि जास्त जोराने सुटतो. तो हिशोबात धरला तर तिचे पारडे आणखी किंचित जड होते. प्रचलित समजाच्या नेमके उलटे.

यावर अनुभवी नेमबाजाचे उत्तर ठरलेले असते: एकूण रेटा सोडा, प्रश्न तो किती वेळात मिळतो याचा आहे. ही हरकत रास्त आहे. टांगलेली बंदूक एकूण रेटा सांगते. तो कसा आला, एकदम की सावकाश, हे लंबकाला कळत नाही. म्हणून इथे दारू जळते कशी हे पाहणे भाग आहे.

काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाचे मिश्रण, तिच्या दाण्याच्या आकारावर जळते. बारीक दाणा लवकर, जाड दाणा उशिरा. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची. तिचे वागणे वेगळे. फ्रान्सच्या पॉल व्हिएलने 1884 मध्ये ती लष्करी वापरायोग्य केली आणि तिच्या ज्वलनाचा नियमही मांडला: आजूबाजूचा दाब जितका वाढेल तितकी ती भराभर जळते. म्हणजे ज्वलनाने दाब वाढतो आणि दाबाने ज्वलन. ही साखळी आवरायची ती दाण्याच्या आकाराने आणि त्यावरच्या लेपाने. पातळ चकत्या लवकर संपतात; लेप दिलेला दाणा आधी दबकत जळतो आणि मग सुटतो. हलक्या छर्ऱ्यांच्या काडतुसात जलद दारू घालतात, कारण हलके छर्रे पटकन पुढे सरकतात आणि दारूला दाब धरायला वेळ कमी मिळतो. जड छर्ऱ्यांच्या मॅग्नम काडतुसात मंद दारू, नाहीतर दाब मर्यादेबाहेर जाईल. युरोपीय मानकात साध्या बारा बोअरला 740 बार दाबाची मर्यादा आहे.

इथेच समजाच्या मुळाशी असलेली एक गल्लत दिसते. हलके, जलद दारूचे काडतूस आणि जड, मंद दारूचे काडतूस खांद्यावर शेजारी शेजारी तपासले, तर दारूबरोबर छर्ऱ्यांचे वजनही बदललेले असते, कित्येकदा वेगही. जो फरक जाणवतो तो कुणाच्या खात्यावर लिहायचा? बहुतेक मतांच्या मागे अशाच तुलना आहेत. छर्रे तेवढेच, वेग तोच आणि फक्त दारू वेगळी, अशी दोन काडतुसे नेमबाजाला न सांगता हातात दिल्यावर तो काय म्हणतो, हा खरा कस.

वेळेकडे येऊ. बार झाल्यापासून छर्रे नळीबाहेर पडेपर्यंत साधारण तीन मिलिसेकंद जातात. जलद आणि मंद दारूत या वेळेचा फरक मिलिसेकंदाच्या काही दशांशांचा. कातडीला लागोपाठ दोन टोचण्या वेगळ्या कळायला त्यांच्यात सुमारे पाच मिलिसेकंदांचे अंतर लागते. नळीतला संपूर्ण प्रकार त्याच्या आत आटोपतो. दारूतला फरक त्याच्याही एका कोपऱ्यात.

याहून पक्का मुद्दा बंदुकीच्या सरकण्याचा आहे, आणि मला तो साऱ्या वादात सर्वांत निर्णायक वाटतो. छर्रे नळीत पुढे सरकतात तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि दोघांच्या अंतरांचे प्रमाण त्यांच्या वजनांच्या व्यस्त असते. तीस-एकतीस ग्रॅमचा ऐवज नळीत साठ-पासष्ट सेंटिमीटर गेला, बंदूक 3.2 किलोची, तर ती सहा-सात मिलिमीटर मागे आली. दारू जलद असो वा मंद, छर्रे तोंडाशी पोचतात तेव्हा बंदूक त्याच सहा-सात मिलिमीटरवर असते. दारू हे अंतर बदलू शकत नाही. एवढे अंतर अंगातला सदरा, गंजी आणि खांद्याचे मांस मिळून सहज गिळून टाकतात. खांद्याला खरा मार बसतो तो त्यानंतर: सेकंदाला चार मीटर वेगाने मागे येणारी सव्वातीन किलोची वस्तू थांबवताना.

दाबाचे आकडे पाहिले तर गंमत वाटावी एवढी तफावत आहे. 700 बार दाबाला साडेअठरा मिलिमीटर नळीच्या तळावर जवळपास दोन टन वजनाइतका जोर येतो. तो थेट खांद्यावर आला असता तर हाड उरले नसते. पण तो जोर बंदुकीच्या वस्तुमानाला वेग देण्यात खर्च होतो. मग ती बंदूक खांदा तीन सेंटिमीटरांत थांबवतो असे धरले, तर खांद्यावरचा सरासरी जोर नव्वद किलो वजनाच्या घरात येतो आणि तो दहापंधरा मिलिसेकंद टिकतो. नळीतला दाबाचा सुळका कितीही टोकदार असला तरी बंदुकीचे वजन मधे उभे राहून त्याचे टोक बोथट करते. जलद दारूचा सुळका उंच आणि अरुंद, मंद दारूचा बुटका आणि रुंद. खांद्यापर्यंत दोन्ही एकाच रूपात पोचतात.

वेळेला काहीच अर्थ नाही असे मात्र नाही. वायूवर चालणाऱ्या आपोआप भरणाऱ्या बंदुका, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक, नळीतला थोडा वायू बाजूला घेऊन आतली यंत्रणा मागे ढकलतात. एकूण रेटा तोच राहतो, पण यंत्रणेचे जड भाग मागे जाऊन थांबेपर्यंत तो कित्येक मिलिसेकंदांत वाटला जातो. या बंदुका मऊ लागतात, आणि तो भास नाही. शरीराला जाणवेल एवढ्या मोठ्या मापात वेळ बदलला की धक्क्याची जात बदलते. दारूच्या वेगाला हे जमत नाही, कारण तो मिलिसेकंदाच्या आतच खेळतो.

तरीही काळ्या दारूचा धक्का मऊ होता, ढकलल्यासारखा होता, असे जुने लोक सांगतात आणि आजही ठासणीची बंदूक वापरणारा सांगतो. हा अनुभव खोटा म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. त्याला इतिहास आहे. हिशोब आधी करू. 32 ग्रॅम छर्रे, सेकंदाला 366 मीटर वेग, यासाठी काळी दारू तीन ड्रॅम म्हणजे 5.3 ग्रॅम लागे. अमेरिकेत काडतुसांच्या खोक्यावर अजूनही बिनधुराच्या दारूची ताकद जुन्या ड्रॅमच्या मापात छापण्याची रीत आहे, ती इथूनच. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून वायू होतच नाही. धूर आणि काजळी होऊन नळीबाहेर पडतो. पण बाहेर पडतो म्हणजे त्याचाही रेटा मोजावाच लागतो. 3.2 किलोच्या बंदुकीला ही काळी दारू सुमारे 39 ज्यूलचा धक्का देते. तेवढेच छर्रे, तोच वेग, पण 1.3 ग्रॅम बिनधुराची दारू असेल तर 29 ज्यूल. काळ्या दारूचा धक्का तिसऱ्या हिश्श्याने मोठा. आणि तोच मऊ वाटतो?

वाटतो, कारण त्याच्याबरोबर बाकी सारे वेगळे असते. काळ्या दारूचा दाब कमी असतो. तिचा आवाज धडाड असतो, कडक फटक्यासारखा नसतो. जुन्या बंदुका लांब नळीच्या आणि जड. वेग कमी ठेवण्याचीही सवय. आणि 1880 नंतर नव्या दारूने घात केला तो वेगळाच. एडवर्ड शुल्त्झेची लाकडापासून केलेली दारू 1864 ची, ई. सी. दारू 1882 ची; दोन्ही छर्ऱ्यांच्या बंदुकांसाठी आलेल्या. सुरुवातीच्या या नव्या दारूंचे जळणे बेभरवशाचे होते, आणि माणसे त्या जुन्या मापाने भरत. कधी काही होत नसे, कधी नळी फुटे. नवी दारू जलद, जलद म्हणजे कडक, हे त्या पिढीने हाडांवर शिकले आणि पुढच्या पिढ्यांना तेवढेच वाक्य वारशाने मिळाले. पुढे दारूचा दोष दूर झाला, वाक्य राहिले.

ठासणीच्या बंदुकीत मात्र जळण्याच्या वेगाचा प्रश्न अजून जिवंत आहे, आणि तिथे तो खांद्यापुरता नसतो. काडतूस कारखान्यात तोलून भरलेले असते. ठासणीत दारू अंदाजाने ओतली जाते, वर कापड किंवा काथ्या, गजाने ठासणी, मग छर्रे, पुन्हा कापड, पुन्हा ठासणी, निपलावर टोपी. प्रत्येक पायरीवर माणसाचा हात. पावसाळी हवेत काळी दारू ओल धरते, कारण अशुद्ध सोऱ्यातले इतर क्षार पाणी ओढून घेतात. ओली दारू उशिरा पेट घेते, कधी फुसकी जाते. मग पुढच्या वेळी माप वाढते. तिसऱ्या-चौथ्या बारानंतर नळीत काजळीचा थर बसतो, गज अडकत जातो, ठासणी घट्ट होते. त्या दिवशीचा शेवटचा बार पहिल्यापेक्षा कितीतरी जड लागतो, याचे कारण या तीन गोष्टींत आहे: वाढलेले माप, घट्ट ठासणी, घाण झालेली नळी. शिवाय नुसत्या आवाजासाठी काढलेला बार, छर्रे न भरता, खांद्याला जवळपास लागतच नाही. रम्फर्डने मोजलेला फरक राखणदाराच्या खांद्याला तोंडपाठ असतो.

आणि एक गोष्ट ठळकपणे लिहायलाच हवी. काडतूस फोडून त्यातली करडी दारू ठासणीच्या नळीत भरणे म्हणजे हातात स्फोट धरणे. काळ्या दारूच्या मापाने ओतलेली बिनधुराची दारू ठासणीच्या नळीला पेलत नाही. व्हिएलचा नियम इथे निर्दय होतो: दाब वाढला की ज्वलन वाढते, आणि जुन्या लोखंडी नळीला ते थोपवता येत नाही. ज्वलनाच्या वेगाचा माणसाच्या शरीराशी थेट संबंध आहे तो इथे. खांद्यावरच्या धक्क्याबद्दल वाद घालताना हा खरा धोका झाकला जाऊ नये.

मग धक्का कशाने ठरतो? सर्वांत मोठा वाटा बंदुकीच्या वजनाचा आणि छर्ऱ्यांच्या वजनाचा. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी ठोकताळा दिला होता की बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या 96 पट असावे. 32 ग्रॅम छर्ऱ्यांना तीन किलोहून थोडी जड बंदूक. आपल्याकडची हलकी एकनळी अडीच किलोच्या आसपास असते. तीत 32 ग्रॅमचे, 400 मीटर वेगाचे काडतूस घातले तर बंदूक जवळपास सहा मीटर वेगाने मागे येते. ऊर्जा 43 ज्यूल. उलट मातीच्या तबकड्या फोडणारा ट्रॅपचा खेळाडू 3.6 किलोची दुनळी घेतो आणि आंतरराष्ट्रीय नियमाने 24 ग्रॅम छर्रे वापरतो: 18 ज्यूल. दारू दोन्हीकडे कोणतीही असो, शेतकऱ्याच्या खांद्यावर खेळाडूच्या दुपटीहून जास्त येते. जिथे दारूचा वेग एखाद-दुसऱ्या ज्यूलची बात करतो तिथे वजन पंचवीस ज्यूलची. ट्रॅपच्या पात्रता फेरीत 125 तबकड्या असतात आणि प्रत्येकीवर दोन बार काढता येतात. एवढ्या बारांनंतरही तो माणूस उभा राहू शकतो ते या फरकामुळे.

दुसरा वाटा दस्त्याचा. दस्ता लांब झाला तर तो काखेत किंवा दंडावर टेकतो, आखूड झाला तर अंगठा नाकावर येतो. दस्त्याचा उतार जास्त असेल तर बंदूक सरळ मागे न येता तोंड वर उचलते आणि गालफडावर आपटते; बऱ्याच जणांना बंदूक मागे मारते असे वाटते तेव्हा ती प्रत्यक्षात गालाला लागलेली असते. आजोबांच्या मापाचा दस्ता नातवाला बसत नाही. एकनळीच्या दस्त्याला बहुधा लोखंडी किंवा कडक प्लास्टिकची पट्टी असते, रबराची गादी नसते. रबर धक्क्याची ऊर्जा कमी करत नाही, पण बंदूक थांबायचे अंतर वाढवते आणि खांद्यावरची जागा रुंद करते. सेंटिमीटरभर जास्त अंतर मिळाले तर सरासरी जोर चौथ्या हिश्श्याने उतरतो. कोणतीही दारू बदलून एवढे साधत नाही. बंदूक खांद्यात घट्ट लावली तर अंगाचे वजनही धक्का झेलण्यात येते; सैल धरली तर ती मोकळी धावत येऊन खांद्यावर आदळते. माळ्यावर अंधारात, घाईत, दंडाला टेकवून काढलेला बार म्हणूनच दोन दिवस आठवतो.

तिसरा वाटा कानाचा, आणि इथे दारूचा वेग मागच्या दाराने पुन्हा आत येतो. बारा बोअरच्या बाराचा आवाज 150 डेसिबलच्या वर जातो. 140 डेसिबलच्या पुढचा क्षणिक आवाजही कानाला इजा करतो. जलद दारू नळीत लवकर जळून जाते, छर्रे बाहेर पडताना तोंडाशी दाब कमी उरतो, आवाज थोडा कमी कडक. मंद दारूचा उरलेला दाब तोंडाशी फुटतो. आखूड नळीत तर फारच. मेंदू आवाज आणि धक्का एकत्रच नोंदवतो. कानात बोळे घातले की त्याच काडतुसाचा धक्का कमी वाटतो, असे नेमबाज सर्रास सांगतात. समजाच्या उलट, मंद दारू जास्त लागते असे वाटण्याला इथे खरे कारण आहे. शिवाय मार बसण्याच्या भीतीने माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आक्रसतो, आणि आक्रसलेल्या खांद्याला तोच धक्का दुप्पट लागतो. हे एकदा अंगवळणी पडले की काडतूस बदलून जात नाही.

मराठी नेमबाजीची मोठी नावे घेतली तर अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे. हे सारे रायफल-पिस्तुलाचे, त्यांच्या .22 गोळीचा रेटा बारा बोअरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवले तेव्हा भारतात छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या खेळाकडे लोकांचे लक्ष गेले, पण महाराष्ट्रात तो खेळ रुजला नाही. म्हणून आपल्याकडे बारा बोअरचा धक्का ही प्रामुख्याने शेतकऱ्याची बाब राहिली, आणि शेतकऱ्याच्या खांद्याचा अभ्यास कोणी करत नाही.

साधने मात्र सारी इथेच आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून चालू आहे आणि शक्तिमान नावाची बारा बोअरची काडतुसे तिथलीच. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत प्रणोदक दारू बनते. पुण्यात सुतारवाडीला उच्च ऊर्जा पदार्थांची संरक्षण प्रयोगशाळा आहे, जिथे ज्वलनाचा वेग हा रोजच्या कामाचा विषय. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या, त्यातली म्युनिशन्स इंडियाही पुण्यातच बसते. बालेवाडीला नेमबाजीचे संकुल आहे.

एवढ्यावर चोख प्रयोग उभा राहतो. छर्रे 28 ग्रॅम, वेग तोच, वॅड तोच, तीन वेगवेगळ्या वेगाच्या दारू, खोक्यावर फक्त खुणेचा आकडा. नेमबाजाला काय आहे ते सांगायचे नाही, बार मोजणाऱ्यालाही नाही. बार कायम कान झाकूनच काढायचे, आणि आवाजाचा परिणाम स्वतंत्र फेरीत ध्वनी ऐकवून तपासायचा. दस्त्यात बलमापक बसवायचा, म्हणजे खांद्याचे म्हणणे आणि यंत्राचे म्हणणे शेजारी ठेवता येईल. आणि बंदूक ट्रॅपची भारी दुनळी नको, किंवा फक्त ती नको. अडीच किलोची, लोखंडी पट्टीच्या दस्त्याची एकनळी हवी, आणि ती हातात घ्यायला खेळाडूंच्या बरोबरीने भिवंडी, शहापूर, वाडा, मुरबाडकडचे परवानाधारक शेतकरी हवेत, कारण सर्वांत मोठा धक्का तेच सोसतात. त्यातून 24 किंवा 28 ग्रॅमच्या हलक्या काडतुसाने राखणीचे काम भागते का, हे कळेल. ते भागत असेल तर खडकीने शेतरक्षणासाठी तसे काडतूस वेगळे काढावे, खोक्यावर छर्ऱ्यांचे वजन आणि वेग मराठीत छापावा, आणि परवान्याच्या नूतनीकरणाला आलेल्या माणसाला रबरी गादी आणि कानाचे बोळे कुठे मिळतील हे तिथल्या तिथे सांगितले जावे.